माळावरचा तरोटा मागे सरकतोय: यंदाच्या पावसाळ्याच्या नोंदी

यंदा वरच्या पट्ट्यात तरोटा (टाकळा) हे तण गेल्या सालच्या निम्म्यानंही उरलेला नाही. तिथं खुरपं फारसं चाललं नाही आणि तणनाशकाचा पंप तर माळावर आणलाच नाही. फाटकाजवळच्या पट्ट्यात मात्र तरोटा अजून गुडघ्याएवढा उभा आहे. एकच माळ, एकच पाऊस, गुरंही तीच. मग हा फरक कशाचा, हे पावसाळाभर बघत होतो. ज्यांनी आपापल्या पडकावर कुरण धरायला घेतलंय, त्यांच्यासाठी या नोंदी.

जागा अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावर. वर जेमतेम वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पेरणीच्या कामाची ही जमीन कधीच नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या गुरंच चरत आली. आता लाल कंधारी गाई, त्यांची वासरं आणि थोड्या उस्मानाबादी शेळ्या आहेत.

मृग

पहिल्या वळवानंतर माळाचा कागदावर नकाशा काढला आणि कुठं काय उगवलंय ते रंगानं भरलं. फाटकापासून पाण्याच्या हौदापर्यंतच्या वाटेवर सगळा तरोटा. मोठ्या बाभळीखाली, जिथं गुरं दुपारी बसतात, तिथं काटेमाठ, आघाडा, धोत्रा. कडेच्या रस्त्यालगत गाजर गवत. वरच्या पट्ट्यात कुसळीचं गवत, अधूनमधून पवना आणि मारवेल या चाऱ्याच्या गवतांचे ठोंब. हरळीला मी तणात धरलं नाही. ज्वारीच्या रानात ती डोक्याला ताप असते, कुरणात तिच्यासारखा चारा नाही.

मग पाणी मुरायची चाचणी घेतली. पत्र्याचा डबा दोन्ही तोंडांनी कापून घ्यायचा, व्यास पंधरा सेंटिमीटर. लाकडाचा ठोकळा वर ठेवून तो दोन-तीन इंच जमिनीत ठोकायचा. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर साडेचारशे मिलिलिटर पाणी ओतायचं आणि कागद हळूच ओढून घ्यायचा. एवढं पाणी म्हणजे एक इंच पाऊस. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून ते मुरल्यावर तेवढंच दुसरं ओतायचं आणि घड्याळ त्या दुसऱ्या पाण्याला लावायचं.

मारवेलीच्या ठोंबाजवळ दुसरं पाणी दहा मिनिटांच्या आत गेलं. फाटकाजवळ अर्धा तास उलटला तरी डब्यात आभाळ दिसत होतं. तिथं सळई रोवायला गेलो तर बोटभर आत जाऊन अडली. वर खपली धरलेली आणि खाली खुरांनी ठोकून बसलेली माती. अशा जागी गवताचं बारीक बी टिकतच नाही, पहिल्या सरीबरोबर वाहून जातं. तरोट्याचं बी टणक सालीचं, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि उघड्या तापलेल्या जमिनीवर पाणी पडलं की उठतं. सोटमूळ असल्यानं कठीण मातीतही वाट काढतं. शिवाय गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे शेजारचं गवत खाल्लं जातं आणि तरोट्याला रान मोकळं होतं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. तरोटा शेंगवर्गीय आहे, तर तो जमिनीत नत्र भरत असेल, असं बरेच जण धरून चालतात. झाड अलगद खणून मूळ धुऊन बघा, गाठी सापडत नाहीत. नत्राच्या भरवशावर त्याला राखू नका. कोवळा असताना भाजी मात्र जरूर करा.

आर्द्रा ते पुष्य

कामाचा मुख्य भाग चराईचा. माळाचे पट्टे पाडून त्यांना झटका मशीनची, म्हणजे सौम्य विजेचा झटका देणारी, तार फिरवली आहे. गुरं एका पट्ट्यात दोन-तीन दिवस ठेवतो आणि गवत चार बोटं उरलं की पुढच्या पट्ट्यात हलवतो. परत त्याच पट्ट्यावर यायला महिना-सव्वा महिना जाऊ देतो, पावसाची उघडीप लांबली तर आणखी थांबतो. निम्म्याहून जास्त पाला एका वेळी गेला की गवताची मुळं वाढायची थांबतात. रोज तेच गवत ओरबाडलं गेलं तर वर झिपरी उरते आणि खाली मुळं वितीवरून बोटावर येतात. मग दोन ठोंबांमधली जमीन उघडी पडते, आणि तण उगवतं ते तिथंच.

वरच्या पट्ट्यात फरक पडला तो या विश्रांतीनं, माझी एवढी खात्री झालीय. तिथं तरोट्याची रोपं यंदाही उगवली होती, पण गवत त्यांच्या आधी उठलं आणि रोपं सावलीत पिवळी पडली. गवत बाजूला सारून पाहिलं तर दोन पानांवरच बसलेली रोपं बुडाशी दिसत होती. बी मातीत संपलेलं नाही, त्याला ऊन मिळेनासं झालंय. उद्या पट्टा उघडा पडला तर तरोटा परत येणारच.

वर वाळलेला पाला राहू दिला की दुसराही फायदा होतो. थेंब थेट मातीवर आदळत नाही, त्यामुळं खपली धरत नाही. ही वाळकी काडी कुजवताना मातीतले जिवाणू मोकळं नत्र तात्पुरतं ओढून घेतात. झटपट वाढणाऱ्या तणांना भरपूर मोकळं नत्र लागतं, बारमाही गवतं थोडक्यात भागवतात. म्हणूनच बाभळीखाली काटेमाठ आणि धोत्रा. तिथं शेण-मूत एकाच जागी साठलंय, जमीन भुकेली नाही, तिला अजीर्ण झालंय. हौद तिथून हलवला आणि धनगरांची मेंढरं बसवायची वेळ आली तेव्हा ती उतारावरच्या उघड्या मुरमाड तुकड्यावर बसवली.

शेणकिड्यांवरही लक्ष ठेवा. शेणाचा पो उलटला की खाली बोटाएवढी बिळं दिसली पाहिजेत. हे किडे शेण खाली नेतात आणि पाण्याला वाटही करून देतात. आयव्हरमेक्टिनचं जंतनाशक दिलं की ते शेणातून बाहेर पडतं आणि या किड्यांच्या पिढीवर बेततं. गुरांच्या डॉक्टरांशी बोलून सरसकट डोस देणं थांबवलंय, आता गरज असेल त्याच जनावराला देतो.

चुन्याबद्दल

परदेशी लेखांमध्ये वारंवार वाचायला मिळतं की अमुक तण म्हणजे कॅल्शियमची कमतरता, चुना टाका. आपल्या माळावर हे लागू होत नाही. वरची मूठभर माती घेऊन तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले तर ती फसफसते. चुनखडीचे पांढरे खडे तर डोळ्यांनाच दिसतात. सामू (पीएच) आठच्या पुढं. अशा मातीत चुना टाकणं म्हणजे पैसे वाया, वर स्फुरद आणखी अडकून बसणार. ओल्या, आम्ल मातीच्या देशातला उपाय दख्खनच्या बेसाल्टी मातीला आहे तसा लावू नये. आपल्याकडे कमी आहेत त्या गोष्टी म्हणजे सेंद्रिय कर्ब, आच्छादन आणि जमिनीतली पोकळी.

मघा, पोळ्याच्या आसपास

या नक्षत्रात कुसळी फुलोऱ्यावर आली. शेजारचे मामा जन्मभर गुरं राखत आलेत. ते बांधावर थांबून म्हणाले, "सर, ही कुसळी मुद्दाम ठेवायलाव का? औंदा लई वाढली की." मी हो म्हणालो. मग त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या लहानपणी याच माळावर पवना कमरेला लागायचा, नंतर कुसळी माजली आणि शेवटी नुसता तरोटा उरला.

मामांनी सांगितलेली उतरंड अभ्यासकांनीही मांडलेली आहे. देशातल्या गवताळ भागांचे जे पाच प्रकार पाडले गेले, त्यात आपला दख्खनचा माळ पवना-मारवेलीच्या प्रकारात येतो. चराईचा भार वाढला की पवना जाऊन कुसळी येते, तीही सोसेनाशी झाली की वर्षायू (एकाच हंगामात संपणारी) गवतं आणि न खाल्ली जाणारी तणं. माळ सावरतो तो बहुतेक याच पायऱ्या उलट्या चढत. म्हणून तरोट्याच्या जागी कुसळी दिसली की मला आनंद होतो. ती तिथंच ठाण मांडून बसू नये एवढंच बघायचं. फुलोऱ्याआधी ती गुरांना चांगली चालते, कुसळं धरल्यावर मात्र शेळ्या-मेंढ्यांच्या कातडीत घुसतात. मघांत तो पट्टा चारून घेतला आणि उरलेली विळ्यानं कापून जागेवरच पसरली. वाळलेलं गवत पेटवायचं नाही हे तर पक्कं. वणव्यानं कुसळीचंच फावतं.

तरोटाही याच दिवसांत, फुलं आली पण शेंगा भरल्या नाहीत तेव्हा, बुडाशी कापला. उपटला नाही. उपटल्यावर माती उकरली जाते आणि खालचं बी वर येतं. मूळ आत कुजलं तर पाण्याला वाट होते.

जिथं माती पुरी पडत नाही

सगळं मातीवर सोडून चालत नाही. वेडी बाभूळ आणि घाणेरी खणूनच काढावी लागते, जमीन कितीही सुधारली तरी. गाजर गवताची आपल्या देशात दखल घेतली गेली ती १९५०च्या दशकात, पुण्यात. आता ते प्रत्येक बांधावर आहे. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येतं. दाट गवतात ते मार खातं, पण रस्त्याकडून बी येतच राहतं. हातमोजे घालून फुलांआधी उपटतो. गाजर गवताची पानं खाणारे, १९८४ साली बंगळुरात सोडलेले मेक्सिकन भुंगे आता आमच्याकडेही दिसतात. त्यांनी चाळण केलेली झाडं मी तशीच राहू देतो, म्हणजे भुंगे टिकतात.

बाहेरचं कच्चं शेणखत माळावर आणत नाही. त्यातून तरोटा आणि गाजर गवत दोन्ही येतात. ढीग आतून चांगला तापून कुजला असेल तरच.

हस्तानंतरची कामं

फाटकाजवळचा पट्टा पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद. फाटकच बाजूला सरकवतोय, म्हणजे खुरांची वाट मोडेल. तिथं उतारावर आडवे उथळ चर काढून मृगात मारवेलीचे ठोंब लावणार आणि मधल्या जागेत स्टायलो हा शेंगवर्गीय चारा टाकणार. त्याचं बी टणक असतं, गरम पाण्यातून काढून घ्यावं लागतं. स्टायलोच्या मुळांवर गाठी येतात, त्यामुळं नत्र हळूहळू मिळेल.

दसऱ्याच्या सुमारास पवन्याचं बी झडायच्या आत गोळा करायचंय. अंजन गवताचं ताजं बी नीट उगवत नाही, ते गेल्या सालचंच वापरणार. ठोंब कुणाला हवे असतील तर मृगाच्या आधी कळवा, वरच्या पट्ट्यातून काढून देता येतील. आणि खालच्या काळ्या रानातल्या कुंदा या चिवट गवतावर कुणी नांगरटीशिवाय, नुसत्या चराईनं काबू मिळवला असेल तर सविस्तर लिहा. तो पट्टा पुढच्या वर्षी हातात घ्यायचा आहे.