आई-बाबांना घेऊन प्रागच्या ट्राममधून

प्रागला आई-बाबांना घेऊन जायचं ठरलं तेव्हा माझ्यासमोर एकच प्रश्न होता, आईचे गुडघे. शहर चढउताराचं, त्यात सगळीकडे दगडी फरसबंदी. टॅक्सीवर न विसंबता ट्राम आणि मेट्रोनेच फिरायचं मी ठरवलं, आणि ते छान जमलं.

आधी तिकिटाचं सांगते. प्रागमध्ये 65 पूर्ण झालेल्यांना ट्राम, मेट्रो, बस सगळं मोफत आहे. त्यासाठी तिथलं रहिवासी असावं लागत नाही, जन्मतारीख आणि फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. बाबांना हे पटेना. "अगं, फुकट कसं बसायचं? काढ की तिकीट." दुसऱ्या दिवशी मेट्रोत साध्या कपड्यातल्या तपासनिसाने बिल्ला दाखवला, दोघांचे पासपोर्ट पाहिले, मान हलवली आणि पुढे गेला. मग कुठे बाबा निश्चिंत झाले.

माझं तिकीट 72 तासांचं होतं. मेट्रोला आपल्या लोकलसारखीच फाटकं नाहीत, पण कागदी तिकीट जिन्याच्या तोंडाशी असलेल्या पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. हे फक्त पहिल्यांदा. गाडी बदलली तरी पुन्हा नाही. ट्राममधल्या यंत्रावर बँकेचं कार्ड लावून काढलेलं तिकीट मात्र काढल्या क्षणापासूनच सुरू होतं.

मेट्रो वेगवान, पण तिचे सरकते जिने लांबलचक आणि चालतातही भराभर. नामेस्ती मीरू स्टेशन 53 मीटर खोल, जिना 87 मीटरचा; वर यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. आईने तो एकदा पाहिला आणि म्हणाली, "मला आपली ट्राम बरी."

खरी मदत झाली ती थांब्यावरच्या वेळापत्रकाची. डावीकडे थांब्यांची यादी, प्रत्येकापुढे मिनिटं; आपल्या थांब्याच्या खाली जी नावं, तिकडे गाडी जाणार. वेळेजवळ व्हीलचेअरचं चिन्ह असेल तर गाडी खालच्या फरशीची, पाऊल थेट आत. प्रागच्या किल्ल्याकडे 22 आणि 23 नंबरच्या दोन्ही ट्राम जातात, पण 23 वर जुन्या टात्रा टी-3 गाड्या असतात, दाराशी उंच पायऱ्यांच्या. आईसाठी आम्ही 23 सोडून 22 धरायचो. बाबांना मात्र त्या लालपांढऱ्या जुन्या गाडीचं फार आकर्षण, म्हणून एका संध्याकाळी त्यांना खास 23 ने फिरवून आणलं.

किल्ल्यासाठी बहुतेक लोक टेकडीच्या पायथ्याच्या मालोस्त्रान्स्का थांब्याला उतरून पायऱ्या चढतात. ज्येष्ठ बरोबर असतील तर तिथे उतरूच नका. ट्राम वळणं घेत टेकडी चढते. प्राझ्स्की ह्राद (म्हणजे प्रागचा किल्ला) थांब्यावर उतरलं की किल्ल्याच्या दुसऱ्या चौकापर्यंत पाचेक मिनिटांची जवळजवळ सपाट वाट आहे. आई कुठेही न बसता आत पोचली, आणि सेंट व्हायटस कॅथेड्रलसमोर मान वर करून उभी राहिली तेव्हा दमलेली नव्हती. मला एवढंच हवं होतं.

परतताना विमानतळासाठी नाद्राझी वेलेस्लावीन मेट्रो स्टेशनहून 59 नंबरची ट्रॉलीबस घेतली. निघण्याआधी थांब्यावर पिवळा कागद लागलाय का ते बघा, त्यावर 'विलुका' लिहिलं असेल तर रुळांच्या कामामुळे मार्ग बदललेला असतो. असं काम बऱ्याचदा शनिवार-रविवारी काढतात, म्हणून त्या दिवशी हाताशी थोडा जास्त वेळ ठेवा.