काजूच्या जीन एडिटिंगला मंजुरी मिळेपर्यंत : माझा अनुभव

गोव्यात किंवा कोकणात कुणी फळझाडांवर क्रिस्परचं (म्हणजे ठरलेल्या जागी जनुक कापून बदलण्याच्या तंत्राचं) काम सुरू करत असेल तर हे वाचाच, मला कुणी आधी सांगितलं असतं तर एवढा मनस्ताप झाला नसता. मी काजूवर काम करते. बियेतलं ॲना ओ ३ हे ॲलर्जी करणारं प्रथिन, त्याचं जनुक बंद करायचं, एवढाच प्रोजेक्ट. झाडाचंच जनुक ठरलेल्या जागी कापून बंद करायचं, दुरुस्तीसाठी डीएनएचा नमुना द्यायचा नाही आणि बाहेरचं जनुक झाडात ठेवायचं नाही, या प्रकाराला एसडीएन-१ म्हणतात. केंद्राच्या ३० मार्च २०२२ च्या आदेशाने असल्या झाडांना जीएम (बाहेरचं जनुक घातलेल्या) पिकांच्या बऱ्याच नियमांतून सूट मिळालीय, पण संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडून सुटका नाही. पोर्टल, सह्या वगैरे पटापट झालं.

अडलं ते समितीच्या ऑफिसात. फाईल परत, वर शेरा: "क्रिस्परसाठी घातलेला डीएनए कितव्या पिढीत काढणार ते नमूद करावे." क्रिस्परची कात्री पेशीतच तयार व्हावी म्हणून बहुतेक जण तिचा डीएनए झाडात घालतात, तो नंतर काढावा लागतो. अहो, भातात हे जमतं! स्वपरागण करा, पुढच्या पिढीत ज्या रोपात तो डीएनए नाही तेवढं ठेवा, काम झालं. काजूचं तसं नाही ना. बी रुजवली की झाड आईसारखं येतच नाही, म्हणून तर आपण कलमं बांधतो. गोव्यातल्या बाळ्ळी गावच्या झाडातून निवडलेली गोवा-१ ही काजूची जात, तिचा संकर केला की जातच हातची गेली, शिवाय रोपाला बोंडू धरायलाच तीन-चार वर्षं. मी हे समजावून सांगितलं तर उत्तर एकच, "मॅडम, रकाना रिकामा चालणार नाही."

मग त्या रकान्यात "लागू नाही" लिहून स्वतंत्र पान जोडलं: डीएनए घालणारच नाही, कॅस९ हे कापणारं प्रथिन आणि कुठे कापायचं ते दाखवणारा गाइड आरएनए तयार करून थेट पेशीत सोडणार, ते काही काळाने पेशीत आपोआप मोडून नष्ट होतं. प्रथिन आत शिरावं म्हणून भिंती काढलेल्या एकेका पेशीपासून काजूचं अख्खं रोप उभं करणं महाकठीण, हेही त्याच पानावर स्पष्ट लिहिलं. बाटलीत काजूचा कोंब ठेवला की त्याच्याभोवतीचं माध्यम तपकिरी पडतं आणि कोंब मरतो, त्यावर ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि कोळशाची पूड वापरणार, तेही लिहिलं. हे पान वाचल्यावर मात्र कुणी काही विचारलं नाही.

हां, आणि समितीच्या बैठकीला डीबीटीचा (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा) प्रतिनिधी लागतो, त्याची तारीख आधी मागून ठेवा, आमचं तिथेही बरंच लांबलं. कुणी हवाईच्या पपईचा दाखला दिला तर सांगा, १९९८ ची ती पपई जीएम होती, विषाणूचं जनुक आत ठेवूनच मंजूर झाली, आणि पपईला वर्षभरात फळ येतं. कॅनडातल्या कंपनीने तयार केलेलं न काळवंडणारं आर्क्टिक सफरचंदही जीएमच.

मंजुरीचं पत्र हातात आलं तेव्हा खरंच अभिमान वाटला. ते जोडपान ज्याला हवं त्याने मागा, आंबा-फणसवाल्यांनाही तोच रकाना भरायचाय.