आमच्या घरातले चार्जिंगचे सेल

चार्जिंगचे सेल घ्यावेत का, असं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "कशात घालायचेत?" उत्तर तिथंच असतं.

सांगलीत विश्रामबागेत आमचं सहा माणसांचं घर. सासूबाईंचं बीपीचं मशीन, मामंजींचा ट्रान्झिस्टर, मुलाच्या गेमचा कंट्रोलर, माझा वायरलेस माउस, दोन टॉर्च, प्रत्येक खोलीत घड्याळ, टीव्हीपासून पंख्यापर्यंत सगळ्यांचे रिमोट आणि बाथरूममधला गॅस गिझर. यातली काही यंत्रं सेल खातात, काही नुसते चाखतात. कंट्रोलर आणि टॉर्च खाणारी. घड्याळ आणि रिमोट चाखणारी. भिंतीवरच्या घड्याळाला एक साधा पेन्सिल सेल वर्षभर सहज पुरतो. त्यात चार्जिंगचा सेल घातला तर तो वर्षातून एकदा चार्ज होणार, म्हणजे त्याचे पैसे वसूल व्हायला आपली हयात जायची. उलट कंट्रोलरमध्ये शनिवार-रविवारी साध्या सेलची जोडी संपते. तिथं चार्जिंगचा सेल काही महिन्यांतच स्वतःची किंमत भरून काढतो आणि पुढची कितीतरी वर्षं फुकट चालतो. विजेचा खर्च तर धरूच नका. एका पेन्सिल सेलमध्ये साधारण अडीच वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमध्ये वाया जाते ती धरून पाच म्हटलं, तरी एका युनिटात २०० सेल भरतात.

आता घ्यायचे कुठले? दुकानात "निकेल मेटल हायड्राइड" किंवा नुसतं "एनआयएमएच" लिहिलेले घ्यावेत. जुने निकेल-कॅडमियमचे नकोत, कॅडमियम विषारी असतं. पाकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, "रेडी टू यूज" किंवा "प्री-चार्ज्ड" असे शब्द. पूर्वीचे चार्जिंगचे सेल भरून ड्रॉवरमध्ये ठेवले की महिन्याभरात आपोआप बरेच उतरायचे, आणि नेमक्या गरजेच्या वेळी टॉर्च मिणमिणायचा. लोकांचा या सेलवरचा विश्वास तेव्हा उडाला तो अजून बसलेला नाही. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीनं एनेलूप नावाचा सेल बाजारात आणला आणि ही अडचण बऱ्यापैकी सुटली. हे सेल भरून ठेवले तर वर्षानंतरही त्यांच्यात बहुतेक चार्ज शिल्लक असतो. आता एनेलूप पॅनासोनिकच्या नावानं मिळतो आणि इतर कंपन्याही तशा जातीचे सेल विकतात.

दुसरी गोष्ट, एमएएचचा आकडा, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो. चांगल्या पेन्सिल सेलवर २००० च्या आसपास असतो, रिमोटच्या बारीक सेलवर ८०० च्या आसपास. पेन्सिल सेलच्या आकारात या रसायनाचे २८०० च्या वर फारसं काही मावतच नाही. तरी मला एका दुकानात "मॅडम, हे घ्या, ४००० एमएएच" म्हणून पाकीट पुढं केलं होतं. असा आकडा दिसला की ते पाकीट खाली ठेवावं, किंमत कितीही कमी असो. खरोखरच्या २५०० एमएएचच्या सेलबद्दलही माझं मत आहे की घरासाठी ते लागत नाहीत. जास्त चार्ज मावतो, पण आयुष्य कमी. एनेलूपचंच घ्या, साधा २१०० वेळा चार्ज होतो असं कंपनी सांगते आणि मोठ्या क्षमतेच्या प्रोला ५०० वेळा.

आता व्होल्टेजचं. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात मल्टिमीटर आहेच. नवा अल्कलाइन सेल, म्हणजे चार्ज न होणारा साधा, लावला की काटा दीडच्या थोडा वर जातो. चार्जरमधून नुकताच काढलेला चार्जिंगचा सेल १.४ दाखवतो आणि वापरात आला की १.२ वर स्थिरावतो. एवढं पाहून लोक म्हणतात की हा कमजोर आहे. पण अल्कलाइन सेलचा दीड व्होल्ट पहिल्या दिवसापुरता. वापरता वापरता तो उतरत जातो, अर्ध्या वाटेवर तोही १.२ च्या आसपास येतो आणि पुढं आणखी खाली. चार्जिंगचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ ला धरून राहतो. म्हणून टॉर्चचा उजेड बराच वेळ एकसारखा पडतो. बहुतेक यंत्रांना हे चालतं. काहींना चालत नाही, आणि ती कुठली हे माहीत असलेलं बरं.

सासूबाईंच्या बीपीच्या मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. चार अल्कलाइनचे मिळून सहा व्होल्ट, चार चार्जिंगचे मिळून ४.८. मशीनचा सेलचा इशारा अल्कलाइनच्या हिशेबानं बसवलेला असतो, त्यामुळे चार्जिंगचे घातले की सेल चांगले भरलेले असतानाही तो लवकर चमकायला लागतो. सासूबाईंना आकड्याची आधीच धास्ती, त्यात मशीन चमकलं की त्या पुन्हा पुन्हा पट्टा बांधतात. तिथं मी अल्कलाइनच ठेवते. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचून ठरवा, काही कंपन्या स्पष्ट सांगतात.

गॅस गिझरला दोन मोठे सेल. तिथंही साधेच. बाजारात जे मोठे चार्जिंगचे सेल मिळतात, त्यातल्या पुष्कळांच्या पोटात पेन्सिल सेलएवढाच माल असतो. हातात घेतल्यावर हलका लागला तर समजावं. शिवाय ठिणगी पडायला तीन व्होल्टचा जोर हवा, आणि गॅसशी संबंध असलेल्या वस्तूवर मला प्रयोग करायचे नाहीत.

हल्ली टाइप-सीच्या वायरीनं चार्ज होणारे लिथियमचे पेन्सिल सेल निघालेत. आत छोटं सर्किट असतं, ते दीड व्होल्ट काढून देतं. बीपीच्या मशीनसारख्या ठिकाणी हे सोयीचे. पण त्यांचा दीड व्होल्ट शेवटपर्यंत तसाच राहतो आणि मग एकदम बंद. टॉर्च मंद होत नाही, विझतो. आणि ट्रान्झिस्टरमध्ये घालायचे असतील तर आधी ऐकून पाहा. मामंजी सकाळी आकाशवाणी सांगली लावतात. हे सेल घातल्यावर निवेदनाच्या मागं बारीक सर्रर्र सुरू झालं, ट्रान्झिस्टर कसाही फिरवला तरी जाईना. ती खरखर सेलमधल्या सर्किटची. निकेलचे सेल घातले, आवाज स्वच्छ.

चार्जरवर मात्र काटकसर करू नका, माझं सगळ्यात ठाम सांगणं हेच. सेलबरोबर जो फुकट मिळतो तो बहुधा दोन-दोनच्या जोडीनं चार्ज करतो आणि ठरावीक वेळ करंट ढकलत राहतो. सेल अर्धा भरलेला असला तरी तितकाच वेळ. सेल हाताला चटका बसेल इतके तापतात आणि त्यातच त्यांचं आयुष्य जातं. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक सेलचं घर वेगळं असतं. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो आणि तो तापू लागतो. चार्जर हे ओळखून त्या घराचा पुरवठा तोडतो. २००० चा सेल ५०० मिलिअँपिअरनं भरायला चार-पाच तास लागतात. रात्रीच्या जेवणानंतर लावायचे, झोपायच्या आधी कोमट झालेले दिसतात, ते ठीक आहे. लिथियमचे सेल मात्र या चार्जरमध्ये कधीही घालायचे नाहीत.

"पूर्ण उतरवून मगच चार्ज करा" हे जुन्या कॅडमियमच्या सेलचं. आताच्या सेलना त्याची गरज नाही, उलट टॉर्च अगदी विझेपर्यंत चालवला तर जोडीतला कमजोर सेल उलटा चार्ज होऊन बिघडतो. म्हणून जोड्या मोडायच्या नाहीत. मी प्रत्येक जोडीवर मार्करनं अक्षर घातलंय, अ-अ, क-क. कंट्रोलरमधला क टॉर्चमध्ये दिसला की मुलाला हाक मारते.

एवढं कौतुक करूनही अल्कलाइन सेलचं एक न फोडलेलं पाकीट आमच्या देवघराच्या कपाटात कायम असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा नणंद, तिची मुलं आणि तिच्या सासूबाई आमच्याकडे आल्या. आमच्या गल्लीत पाणी चढलं नाही, पण लाइट गेली. पाणी किती वाढलं हे मामंजींच्या ट्रान्झिस्टरवरच कळायचं, सगळे त्याच्याभोवती बसायचे. चार्जिंगचे सेल भरलेले होते तोवर चालले. मग चार्जर भिंतीवर नुसता लटकून राहिला आणि दुकानं तर बंदच. पुढचे दिवस त्या पाकिटानं काढले. चांगल्या अल्कलाइन सेलवर १० वर्षं टिकण्याची तारीख छापलेली असते, तेव्हा एक पाकीट घेऊन ठेवायला जड नाही. नंतर मी चार्जरही यूएसबीवर चालणारा घेतला, म्हणजे पॉवर बँकेवरही सेल भरता येतात. नदीकाठच्या गावातल्या प्रत्येक घरानं हे दोन्ही करावं असं मला मनापासून वाटतं.

साधे सेल यंत्रात विसरू नयेत, एवढं मात्र सांभाळा. अल्कलाइन सेल गळला की स्प्रिंगवर पांढरा खरपुडा चढतो. सेल काढायचे, कान कोरायच्या काडीला लिंबाचा रस लावून त्यावर फिरवायचा. बारीक फेस येतो आणि खरपुडा विरघळतो. मग कोरड्या कापडानं पुसून तासभर उघडं ठेवायचं. मामंजींचा ट्रान्झिस्टर असाच वाचलाय.

संपलेले सेल कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी घरगुती छोटे सेलही कायद्याच्या कक्षेत आणलेत, ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते त्यासाठीच. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी एक प्लास्टिकची बरणी ठेवलीय. मुलं घरचे सेल आणून टाकतात. लिथियमच्या आणि बटन सेलच्या टोकांना आधी सेलोटेप लावायची, नाहीतर एकमेकांना चिकटून तापतात. बटन सेल तर लहान मुलांच्या हाती अजिबात लागू द्यायचे नाहीत, गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. बरणी भरली की ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देतो.