आण्णांची जीप, पुढे डिस्क

गगनबावड्याहून वैभववाडीकडे करूळ घाट उतरत होतो. मे महिन्याचा शेवट, मागे हौद्यात मामांच्या बागेसाठी खताची पोती, शेजारी आण्णा. अर्ध्या घाटात ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला. पेडल दाबलं तर पाय खाली गेला, पण गाडी आपल्याच नादात. दुसरा पंप मारला, तिसरा मारला, तेव्हा कुठे थोडी ओढ लागली. गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर घेताना गिअरबॉक्स किंचाळला आणि डावी चाकं गटारीत घालून मी कशीबशी गाडी थांबवली. आण्णा शांतपणे म्हणाले, "थंड होऊ दे जरा. ड्रम तापल्यात." तीस वर्षांत त्यांनी अशी किती वेळा गाडी थंड केली असेल कोण जाणे. माझं मात्र त्या दिवशी पुरे झालं.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९४ ची. प्युजोचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. ड्रममध्ये लायनर लावलेले शू आतून बाहेर फाकतात आणि ड्रमला घासतात. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, आणि पेडलला तेवढं जास्त अंतर कापावं लागतं. शिवाय ड्रम म्हणजे वाटीच. ओढ्यातून गाडी काढली की पाणी आणि गाळ आत शिरतो आणि पुढचे शे-दोनशे मीटर देवाचं नाव घ्यायचं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ती उघडी असते, फिरता फिरता पाणी फेकून देते.

खरं सांगायचं तर घरी आल्यावर चाकं उघडली तेव्हा निम्मा दोष आमचाच निघाला. मागच्या डाव्या चाकाचं अॅक्सल सील गेलं होतं, लायनर गिअर ऑइलने काळे चिक्क. शू ड्रमजवळ आणायचे अॅडजस्टर गंजून बसलेले, त्यांना कुणी कधी हात लावला होता देव जाणे. ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो तो त्यामुळेच. ज्यांची जीप फक्त डांबरावर चालते त्यांनी सील, लायनर, अॅडजस्टर आणि नवं ऑइल एवढंच करावं आणि डिस्कच्या भानगडीत पडू नये. आमचा रस्ता ओढ्यातून जातो, म्हणून मी पडलो.

कोल्हापुरात उद्यमनगरची कारखान्यांची वसाहत असताना बाहेर कुठे जायची गरज नव्हती. मेस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर आले आणि म्हणाले, "डिस्क काय, आठ दिसात बसवतो. खरं मागनं सतरा भानगडी निघत्यात, त्याला माझ्या नावानं ओरडायचं न्हाई." आण्णांनी लगेच त्यांची बाजू घेतली. आरटीओच्या पासिंगला अडचण येईल ही आण्णांची आणखी एक शंका होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करू देत नाही. आमच्या आरसीवर ब्रेकची नोंदच नव्हती. तरी मी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलं.

डिस्क आणि तिला पॅडने चिमटीत धरणारे कॅलिपर बोलेरोचे घेतले, कारण ते कोल्हापुरात कुठेही मिळतात. पण आमच्या जीपच्या नकलवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या सांध्यावर, ते जसेच्या तसे बसत नाहीत. ड्रमची बॅकप्लेट काढून तिच्या जागी कॅलिपर धरणारी ब्रॅकेट लागते. मेस्त्री ती गॅसने कापायला निघाले होते. तिथे मी अडून बसलो. ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकाचा सगळा जोर त्या एका पट्टीवर येतो. शेवटी जाड प्लेट मशीनवर कापून घेतली, भोकं रीमरने नेमक्या मापाची केली आणि सगळे बोल्ट एचटी, म्हणजे हाय टेन्साइल, घातले. हब लेथवर उतरवून डिस्क त्यावर बसवली. डायल गेज लावला तर काटा पाव मिलिमीटर डोलत होता. मला वाटलं डिस्कच वाकडी आली. मेस्त्रींनी डिस्क काढली, हबच्या तोंडावर नखाने ओरखडा काढला आणि नखाखालचा गंज मला दाखवला. इमरी मारून परत बसवली, काटा जवळजवळ जागचा हलेना. मग कॅलिपरच्या पाठीवर ग्रीसचा गोळा थापून चाक लावून फिरवलं. रिमला ग्रीस लागलं नाही, म्हणजे जागा पुरते.

ब्रेकच्या पाइपातली एअर काढायला आण्णा सीटवर बसले. पेडलच्या जोराने ऑइल दाबणारा मास्टर सिलेंडर उजवीकडे, म्हणून सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. मी चाकाशी, हवा सोडायच्या निपलला पाना आणि नळी लावून. "मारा... मारा... धरा!" मी निपल सोडायचा, बुडबुडे बाटलीत यायचे, निपल आवळायचा. तिसऱ्या चाकाला शेजारचे कोणीतरी आण्णांशी बोलायला आले आणि आण्णांनी निपल उघडा असतानाच पाय काढला. नळी बाटलीतल्या ऑइलच्या वर आली होती, सगळी हवा परत आत. पहिल्यापासून. त्यात माझ्या हातून चार थेंब मडगार्डवर सांडले, तिथला रंग अजून उडालेला आहे.

दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या रस्त्याला केर्लीपर्यंत गेलो. पेडल दगडासारखं, पण ब्रेक लागत होते. परत येताना गाडी जड वाटायला लागली, जणू कोणी मागून धरलंय. उतारावर सोडली तरी धावेना. उतरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही हबला हात लावता येत नव्हता. मेस्त्रींना फोन केला. "निपल सोडून बघा." सोडला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे पॅड अडकले नव्हते, पाइपात दाब कोंडून राहत होता.

दुकानात परत चाकं जाम करून मेस्त्रींनी आधी मास्टर सिलेंडर पाइपांसकट नटावरून थोडा पुढे ओढला, म्हणजे पेडलकडून त्याला ढकलणारा पुशरॉड लांब पडत असेल तर कळावं. चाकं जामच. मग सिलेंडरच्या तोंडाशी पुढच्या लाइनचा नट ढिला केला, आणि दोन्ही चाकं सुटली. मास्टर सिलेंडर मी गेल्याच वर्षी नवा टाकला होता, म्हणून पैसे वाचवायला तोच ठेवला होता. पण तो ड्रमचा. त्याच्या तोंडात एक चिमुकला व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये कायम थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे चाकातल्या व्हील सिलेंडरचे रबर भिंतीला चिकटून राहतात आणि हवा ओढत नाहीत. ड्रमच्या शूंना मागे खेचायला स्प्रिंगा असतात, त्या या दाबाला पुरून उरतात. कॅलिपरला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं रबर दाबताना किंचित पिळतं आणि सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे घेतं, एवढंच. तेवढ्या दाबानेही पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, ऑइल फुगतं, पॅड आणखी घासतात. मेस्त्रींनी पाइपाची सीट काढली आणि चिमट्याने तो व्हॉल्व्ह बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढा रबराचा तुकडा आणि एक बारीक स्प्रिंग. पुढच्या लाइनचा काढला, मागच्याचा तसाच ठेवला, कारण मागे ड्रमच आहेत. "सांगिटलं हुतं की," एवढंच ते म्हणाले.

राहिलं ते दगडी पेडल. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून घेतो आणि ब्रेकला फुकटची मदत करतो. डिस्कला ती सोय नाही, सगळा जोर पायाचा. म्हणून बूस्टर. पण बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, आणि आमच्या डिझेलच्या हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये तो तयारच होत नाही. मग मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर, त्या पंपाला इंजिन ऑइलची एक लाइन आणि ऑइल चेंबरमध्ये परत जाणारी दुसरी. आठ दिसांचे सव्वीस दिवस झाले आणि खर्च मी घरी सांगितला त्याच्या दुप्पट.

नवे पॅड डिस्कवर घासून बसवायला रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू आणायचं, थांबायचं नाही, मध्ये डिस्क थंड होऊ द्यायची, असं दहा वेळा केलं. जूनमध्ये ओढा ओलांडून पलीकडे पहिलाच ब्रेक मारला आणि गाडी जागेवर थांबली. मी आण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "रस्ता कोरडा हाय."

आता गाडी बहुतेक तेच चालवतात. तीस वर्षांची सवय, ब्रेकला आधी एक हलका पंप आणि मग दुसरा जोरात. पहिल्यालाच गाडी नाक खाली घालते. दुसऱ्याला माझं कपाळ काचेपर्यंत जातं.