मस्टर

आमच्या ऑफिसात बरीच वर्षं मस्टर माझ्या ताब्यात होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी ते माझ्या टेबलावर यायचं आणि मी लाल पेनाचं टोपण काढायचो. किरकोळ रजा, अर्जित रजा, लेट मार्क, सगळं लाल. त्या पेनामुळेच माझ्या डब्यातली भाजी कधी कुणी चाखली नाही, असा माझा समज आहे. (भाजीही तशीच असायची म्हणा.)

त्यामुळे ब्रिटिश म्युझियममधल्या एका दगडाचा फोटो पाहिला आणि भाऊबंद भेटल्यासारखं झालं. लहान परातीएवढी चुनखडीची एक चपटी कपची. तिच्यावर इजिप्तमधल्या कुणा कारकुनाने चाळीस कामगारांची नावं उतरवलीत. नावापुढे गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईत, आणि त्या दिवसांच्या डोक्यावर कारण. लाल शाईत! साल दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं ४० वं, म्हणजे इ.स.पू. १२५० च्या आसपास.

हे कामगार देर अल-मदिनाचे. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्झरसमोर हे गाव होतं. तिथले पाथरवट आणि चितारी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राजांची थडगी कोरायचे, रंगवायचे. आठवडा दहा दिवसांचा. पिरॅमिड, ममी, सोन्याचे मुखवटे यांतून जो इजिप्त आपल्याला दिसतो, तो नेहमी मेलेला असतो. या कपचीवरचा इजिप्त मात्र दांडी मारतो.

कारणं वाचावीत. एकाला विंचू चावला. एकाचा डोळा दुखतोय. एक जण आईचं प्रेत गुंडाळतोय. ममीचं कापड आपण काचेआडून बघतो, इथे ते लेकाच्या रजेचं कारण आहे. एक जण औषधं खलत होता, दुसऱ्या आजाऱ्यासाठी. कुणाच्या बायकोला, कुणाच्या मुलीला पाळी आली म्हणून बाप्या घरी! आमच्याकडे कावळा शिवला की बाई बाजूला बसायची. तेवढ्यासाठी पुरुषाने रजा टाकल्याची नोंद माझ्या मस्टरमध्ये तरी एकही नाही.

आणि मग ते कारण, ज्याच्यापुढे मी पेन खाली ठेवलं असतं: ‘बिअर गाळत होता.’ तिथे मजुरी धान्यात मिळे, गहू भाकरीसाठी आणि जव बिअरसाठी. म्हणजे गडी पगाराची दारू करायला रजा घेतोय आणि कारकून ते शांतपणे लिहून ठेवतोय. ‘प्रकृती अस्वास्थ्य’ वगैरे काही नाही.

याच गावात पुढे तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्य थकलं, तेव्हा कामगार कामावरून उठले आणि सरळ देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, म्हणाले. अंगावर कपडा नाही, मासळी नाही, भाजी नाही. नोंद झालेला हा जगातला पहिला संप. तोही कारकुनानेच लिहून ठेवलाय.

देवही त्यांचा गावातलाच. पहिला आमेनहोतेप हा कधीच मरून गेलेला राजा त्यांचं दैवत होता. त्याची मूर्ती खांद्यावरून निघाली की लोक वाटेत आपलं गाऱ्हाणं घालत. चोरी कुणी केली, घर कुणाचं? मूर्ती पुढे सरली तर होय, मागे सरली तर नाही. कोकणात कौल लावणाऱ्याला यात नवल वाटू नये.

मेल्यावरही सुटका नव्हती. माणसाचं काळीज तराजूत एका पिसाशी तोललं जायचं आणि शेजारी थोथ हा पक्ष्याच्या तोंडाचा देव लेखणी घेऊन उभा. आपला चित्रगुप्त. म्हणजे खातं आमचंच. तिथून पार पडलं की पुढे हिरवी शेतं. पण शेतं म्हटली की नांगरणी आली, पाणी सोडणं आलं, वाळू वाहणं आलं. वेठीला हाक येणार. त्यावर या लोकांनी तोड काढली. थडग्यात वीतभर उंचीच्या बाहुल्या ठेवायच्या, नाव ‘शाब्ती’. त्यांच्या अंगावर मंत्र लिहिलेला असे: या माणसाला कामाला बोलावलं, तर तू म्हणायचंस, ‘मी आहे, हजर!’ गिरणीच्या भाषेत, बदली कामगार.

तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या. ३६५ कामकरी, दिवसाला एक. दर दहा दिवसांचा एक, असे ३६ मुकादम. त्यांच्यावर महिन्याचे १२. कामापासून पळायचं म्हणून स्वर्गात अख्खं ऑफिस थाटलं आणि तेही साहेबांसकट.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. हाक धन्याच्या नावाने, ‘हजर’ म्हणणारा बदली, धनी मजेत बिअर पितोय. मस्टरवर त्या दिवशी काय मांडायचं? लाल की काळं?