‘होम अलोन’चे चार स्वर, ऑर्गनवर

२१ डिसेंबर

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, डिसेंबर म्हणजे नाटकांचा ऐन हंगाम. दिवाळीनंतर सुरू झालेले प्रयोग होळीपर्यंत चालतात. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रोज नव्या गावी, आणि वादकांची झोप दिवसा. असल्या मोसमात इथे ‘होम अलोन’ या हॉलीवूडच्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावर वाद रंगतात याचं बाहेरच्याला नवल वाटेल. पण रात्रभर रंगमंचासमोर बसून प्रसंगाला साथ करणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या कानाला त्याचे संगीतकार जॉन विल्यम्स यांची कारागिरी लगेच कळते.

चित्रपट १९९०चा. नाताळात घरचे विमानाने निघून जातात, पोरगा चुकून घरी एकटा राहतो आणि घरात शिरू पाहणाऱ्या चोरांची फजिती करतो. संगीत आधी ब्रूस ब्रॉटन करणार होते, ते दुसऱ्या चित्रपटात अडकले आणि काम विल्यम्सकडे आलं. संगीत आणि गाणं, दोन्हींना ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकही नाही. असो. पुरस्कारापेक्षा चर्चमधला प्रसंग महत्त्वाचा.

शेजारच्या मार्ली म्हाताऱ्याला पोरगा केविन घाबरून असतो. तो दिसला की विल्यम्स ‘दिएस इरे’ची आठवण देणारे स्वर वापरतात. हे मध्ययुगातलं लॅटिन स्तोत्र, मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं, कयामतीच्या दिवसाचं. सुरुवातीचे चार स्वर: कोमल ग, शुद्ध रे, कोमल ग, सा. पुढे चर्चमध्ये म्हातारा त्याच्या शेजारी येऊन बसतो, पोराची भीती जाते, आणि तिथे मुलांचा वृंद गातो ते ‘कॅरल ऑफ द बेल्स’. त्याचे पहिले चार स्वर? कोमल ग, शुद्ध रे, कोमल ग, सा. तेच!

हे कॅरल विल्यम्सचं नाही. मिकोला लिओन्तोविच या युक्रेनी संगीतकाराने लोकगीतावरून ते वृंदगानासाठी बांधलं, १९१६ साली कीव्हमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ शब्दांत नाताळ नाहीच. भिंगरी पाखरू घरात येतं आणि धन्याला सांगतं, बघ, मेंढ्यांना कोकरं झालीत, वर्ष बरकतीचं जाणार. पहाटे दारात येऊन दान मागत शुभ बोलणाऱ्या वासुदेवाच्या जातकुळीतलं गाणं. घंटांचे इंग्रजी शब्द पीटर विल्हौस्की यांनी १९३६ साली बसवले, आणि तेव्हापासून ते नाताळचं झालं.

म्हणजे एका बाजूला मरणाचं स्तोत्र, दुसऱ्या बाजूला सुगीचं गाणं, आणि स्वर सारखे. फरक फक्त लयीचा आणि सप्तकाचा. म्हातारा वाईट नव्हता, आपणच त्याला खालच्या सप्तकात ऐकत होतो, हे संगीत संवादाची मदत न घेता सांगून टाकतं. आमच्यातले काही म्हणतात की हा निव्वळ योगायोग. असेना का. प्रेक्षकाच्या कानाला दोन्ही जागा लागोपाठ मिळतात, काम होतं.

२२ डिसेंबर

आता हेच आपल्या नाटकात वाजवायचं कसं.

ऑर्गनवर सा पांढरी दोनला, म्हणजे इंग्रजी डी-ला धरावा. मग चारही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात: पांढरी चार, तीन, चार, दोन. काळीला हात लावायची गरज नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते रे. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, गंभीर काही वाजवायचं म्हटलं की भैरवीच्या सवयीने बोट आपोआप कोमल रेवर जातं. तिथे गेलं की खेळ संपला. कोमल ग आणि शुद्ध रे यांच्यात एका पट्टीचंही अंतर नाही, त्या चिकटलेपणातच भीती आहे. रे कोमल केला की मधे पट्टी मोकळी पडते आणि आर्त भजन ऐकू येतं. वाईट वाटत नाही ऐकायला, पण मार्ली म्हातारा त्यात नाही.

भीतीच्या रूपात चारही स्वर सारख्या लांबीचे, प्रत्येकी दोन मात्रा, मंद्र सप्तकात, खाली फक्त सा-प. मंद्रातल्या सुरी, म्हणजे आतल्या धातूच्या पात्या, मोठ्या असतात, हवा लागल्यावर बोलायला त्यांना वेळ लागतो. म्हणून भाता आधीच भरलेला हवा आणि पट्टी मात्रेच्या किंचित आधी दाबायला हवी. नाहीतर नट दचकून झाल्यावर सूर येतो आणि लोक हसतात.

कॅरलच्या रूपात तेच चार स्वर तीन मात्रांत बसतात: पहिला एक मात्रा, दुसरा-तिसरा अर्धी-अर्धी, चौथा एक मात्रा. तबल्यावर सहा मात्रांचा दादरा चालतो, पण सरळ ठेक्यात चौथ्या मात्रेवर सम नसते, खाली असते, ‘धा तू ना’ असं हलकं जातं, आणि चार स्वरांचं दुसरं आवर्तन तिथेच सुरू होतं. त्यामुळे एक फेरी ठसठशीत, एक लुळी. चौथ्या मात्रेवरही तितकंच वजन टाकायचं. लय चढू द्यायची नाही, हे सांगणं सोपं. आवर्तन इतकं छोटं आहे की प्रत्येक फेरीला हात केसभर पुढे सरकतो आणि विसाव्या फेरीला गाडी सुटलेली असते.

या तीन मात्रांचा खरा उपयोग चोरांच्या फजितीला आहे. चित्रपटात पडद्यावरचं दृश्य दर खेळाला बदलत नाही. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), मिनिटाला १२० ठोक्यांची लय ठेवली की दर ठोक्याला नेमक्या १२ चौकटी. पाय घसरतो ती चौकट कितवी, हे मोजून संगीत लिहिता येतं आणि कानात ठोके ऐकत वाजवता येतं. आपल्याकडे नट आज तिसऱ्या पावलाला पडेल, उद्या टाळ्या मिळाल्या तर सातव्याला. तिथे चौकटी मोजून काय होणार? म्हणून चार स्वरांची फेरी फिरवत ठेवायची, नजर नटाच्या पायावर. तीन मात्रांची फेरी असल्याने जास्तीत जास्त तीनच मात्रा थांबावं लागतं. सोळा मात्रांचं आवर्तन धरलं तर चोर पडून उठून गेलेला असतो. पडला की पहिल्या मात्रेवर तोडायचं आणि पूर्ण शांतता. तिथे झांज मारायचा मोह सगळ्यांना होतो. हशा येऊ द्यावा, झांज नंतर.

क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असतं, ते एक पूर्ण स्वर खाली बोलतं. ऑर्गनच्या पांढरी दोनला त्यांनी ई हा सा धरायचा, म्हणजे त्यांचे चार स्वर जी, एफ-शार्प, जी, ई. लग्नाच्या बँडमधून आलेले वादक हे कानानेच जुळवतात. लिहून दिलं तर उलट गोंधळतात.

२३ डिसेंबर

सेलेस्टा. चित्रपट सुरू होताच जे चांदीसारखं किणकिणतं ते हे वाद्य. दिसायला छोटा पियानो, आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या. पॅरिसच्या ऑग्युस्त म्युस्तेल यांनी १८८६ साली बनवलं. रशियन संगीतकार चायकोव्स्कींनी ते ऐकलं आणि प्रकाशकाला बजावलं की गुपचूप मागव, तिथल्याच दुसऱ्या संगीतकाराला, रिम्स्की-कोर्साकोव्हला, पत्ता लागता कामा नये. मग १८९२च्या ‘नटक्रॅकर’ बॅलेमध्ये साखरपरीच्या नाचाला वापरलं. तेव्हापासून सेलेस्टा वाजला की नाताळ, हे समीकरण ठरलेलं. विल्यम्सही ते ऋण लपवत नाहीत. घर उशिरा उठून विमानासाठी धावतं त्या प्रसंगाची चाल त्याच बॅलेतल्या रशियन नाचाची सख्खी बहीण आहे.

की-बोर्डवर जनरल मिडीच्या, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या नंबरांच्या, यादीत सेलेस्टा ९ नंबरला, ग्लॉकेनस्पील १०, म्युझिक बॉक्स ११. काही की-बोर्ड शून्यापासून मोजतात, तिथे एक कमी. म्युझिक बॉक्स घेऊ नये. तो फार टोकदार, कर्ण्यातून कानाला टोचतो. सेलेस्टा लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक वर वाजतो, म्हणून हात तार सप्तकात. स्वर लांबवणारं सस्टेनचं पेडल सोडून द्यायचं. मंडपातल्या आवाजाच्या घुमण्यात ते दाबलं की सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात.

घुंगरांचं मात्र आपल्याकडे काही अडत नाही. बैलाची घुंगुरमाळ नाचाच्या घुंगरांपेक्षा बरी, कारण दाणा मोठा आणि आवाज भरदार. पण ती हलवायची नाही. हलवली की आवाज उशिरा येतो आणि रेंगाळतो. लाकडाच्या दांड्याला बांधून दांडा उभा धरावा आणि वरून मुठीने ठोकावा. परदेशी वाद्यवृंदातही असंच करतात. आणि सारखं वाजवू नये, आठ मात्रा वाजवून बंद. नाहीतर प्रेक्षकाला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, सुरू झाल्यासारखं वाटेल.

२४ डिसेंबर

मुख्य धुनेचं गाणं, ‘समव्हेअर इन माय मेमरी’, शब्द लेस्ली ब्रिकस यांचे. धून सुरुवातीलाच ऐकू येते, पण तुकड्यांत. घर रिकामं असताना नुसतं तोंड ऐकवून सोडून दिलेली. पूर्ण, भरल्या वाद्यमेळात ती कमावलेली वाटते ती अखेरीस, आई परत येते तेव्हा. आपल्या नाटकांत गाजलेली चाल पहिल्या अंकातच तीनदा वाजते आणि शेवटच्या अंकात तिच्यात जीव उरत नाही. विल्यम्सकडून घ्यायचं तर हे आधी घ्यावं.

विमानतळावरच्या धावपळीला चक बेरीचं रॉक गाणं लावलं, यावर मात्र मतभेद मिटत नाहीत. तबलजींना ते फार आवडतं. माझ्या मते तिथे वाद्यवृंदच हवा होता, लय तर तयारच होती.

उघड्यावरच्या प्रयोगात एक गोष्ट सांभाळावी लागते. मध्यरात्रीनंतर दव पडतं, तबल्याचं चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो. थंड हवेत क्लॅरिनेटही उतरतं. की-बोर्ड मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे दोन अंकांनंतर तिघांचे तीन सूर. तबला वाजत नसेल तेव्हा जाड कापडाखाली ठेवावा. क्लॅरिनेट प्रवेशाआधी दोन मिनिटं नुसतं फुंकून गरम करावं, स्वर न काढता. तरीही कमी पडलं तर की-बोर्डची ट्यूनिंग खाली आणावी, वाऱ्याच्या वाद्याला ओढून वर नेण्यापेक्षा ते सोपं. आणि हे सगळं चर्चच्या प्रवेशाआधी उरकलेलं हवं, कारण तिथे चार स्वर उघडे पडतात, झाकायला ढोलकी नसते.