कार्थेजचा तुरुंग आणि नॉवूचं देऊळ

सेंट लुइसहून मिसिसिपीच्या कडेनं उत्तरेला निघालं की तीनेक तासांत कार्थेज येतं. "मॉर्मन लोकांची तीर्थक्षेत्रं बघायला चाललोय" असं महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, तर पहिलं उत्तर आलं, "म्हणजे ते चार-चार बायकावाले?" बहुपत्नीत्व त्या चर्चनं १८९० सालीच अधिकृतपणे सोडलं. विनोद मात्र अजून चालू आहेत, आणि ते करण्यात आपली माणसंही मागे नाहीत.

रस्ता बराच वेळ मिसुरी राज्यातून जातो. जोसेफ स्मिथनं १८३० साली न्यूयॉर्क राज्यात या ख्रिस्ती पंथाची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षापासून त्याचे अनुयायी मिसुरीच्या पश्चिम टोकाला येऊन जमिनी घेऊ लागले. ही भूमी देवानं आपल्याला दिली आहे, असं ते उघड म्हणत. मतदान एकगठ्ठा करत. शिवाय बहुतेक जण उत्तरेकडचे, त्यामुळे गुलाम बाळगणाऱ्या शेजाऱ्यांना त्यांचा संशय. १८३३च्या जुलैत इंडिपेन्डन्स गावात जमावानं त्यांचा छापखाना फोडला आणि त्यांच्या बिशपला भर चौकात डांबर फासून पिसं चिकटवली. वर्ष संपायच्या आत सगळ्यांना त्या काउंटीतून हुसकावलं. १८३८ साली चकमकी पेटल्या तेव्हा मॉर्मनांनीही गावं लुटली, घरं जाळली. ते नाकारून चालणार नाही. पण २७ ऑक्टोबरला गव्हर्नर लिलबर्न बॉग्जनं काढलेला हुकूम वाचला की अंगावर काटा येतो. मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावं! तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर १७ जणांना मारण्यात आलं. त्यांत लोहाराच्या भात्याखाली लपलेला १० वर्षांचा मुलगाही होता. हा हुकूम औपचारिकपणे मागे घेतला गेला तो १९७६ साली.

नदी ओलांडली की इलिनॉय राज्यातलं क्विन्सी लागतं. मिसुरीतून थंडीत पायी आलेल्या हजारो निर्वासितांना या छोट्या गावानं घरांत, कोठारांत आसरा दिला. गावकरी मॉर्मन नव्हते, पुढे झालेही नाहीत. आम्ही तिथे जेवणापुरतेच थांबलो, पण मला हे गाव फार आवडलं.

कार्थेजचा तुरुंग म्हणजे दगडी, दुमजली, घरासारखीच इमारत. दाखवायला एक निवृत्त जोडपं होतं, युटाहून स्वखर्चानं सेवेला आलेलं. आजी आमच्यापुढे लाकडी जिना चढत वरच्या खोलीत गेल्या. ही जेलरची झोपायची खोली. २७ जून १८४४ला संध्याकाळी पाचच्या सुमारास ओळख लपवायला तोंडाला काळं फासलेला जमाव याच जिन्यानं वर आला. खोलीत अटकेतला जोसेफ धरून चौघे होते. दार आतून रेटून धरलेलं असताना गोळी दार भेदून आली आणि जोसेफचा थोरला भाऊ हायरम जागीच गेला. कोणीतरी चोरून आणून दिलेलं पिस्तूल जोसेफनं दाराच्या फटीतून झाडलं, मग तो खिडकीकडे धावला आणि गोळ्या लागून खाली कोसळला. वय ३८. त्या वर्षी तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता. चौघांतला जॉन टेलर जबर जखमी झाला, पण वाचला आणि पुढे चर्चचा अध्यक्ष झाला. दारातलं भोक अजून आहे. पुढच्या वर्षी पाच जणांवर खटला चालला आणि पाचही सुटले.

आजी सांगताना गहिवरल्या होत्या. मी विचारलं, "पण ते तुरुंगात का होते?" त्या म्हणाल्या, "खोटे आरोप होते." मग मी 'नॉवू एक्स्पोझिटर'चं नाव घेतलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, ते वर्तमानपत्र."

ते वर्तमानपत्र ७ जून १८४४ला निघालं. पहिला अंक तोच, शेवटचाही तोच. काढणारे स्वतः जोसेफपासून फुटलेले मॉर्मन. जोसेफ गुपचूप अनेक लग्नं करतो आणि गावाची सगळी सत्ता त्याच्या एकट्याच्या हातात आहे, असं त्यांनी छापलं. लग्नांची गोष्ट खरीच होती. जोसेफच्या बायकांची संख्या ३० ते ४०च्या दरम्यान असावी, असं चर्चनंही २०१४मध्ये मान्य केलं. जोसेफ तेव्हा नॉवूचा, म्हणजे मॉर्मनांनी इलिनॉयमध्ये वसवलेल्या शहराचा, महापौर आणि तिथल्या मिलिशियाचा (नागरिकांच्या सैन्याचा) सेनापतीही होता. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या ठरावानं छापखाना फोडण्यात आला. अकरा वर्षांपूर्वी स्वतःचा छापखाना फुटलेला पाहिलेल्या लोकांनी हे करावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. अर्थात त्यासाठी कोर्ट होतं, आणि कोर्टापुढे उभं राहायलाच जोसेफ कार्थेजला आला होता. इलिनॉयचा गव्हर्नर फोर्डनं त्याला संरक्षणाचा शब्द दिलेला होता.

नॉवू तिथून अर्ध्या तासावर. मिसिसिपीच्या वळणावरची ही मूळची दलदल. हिवतापानं माणसं पटापट मेली, तरी पाच-सहा वर्षांत इथे तेव्हाच्या शिकागोच्या तोडीचं शहर उभं राहिलं. आज वस्ती हजारभर. खालच्या सपाटीवर विटांची जुनी घरं दुरुस्त करून ठेवली आहेत. लोहारकामाच्या दुकानात घोड्याच्या नालेच्या खिळ्याची अंगठी वळून हातावर ठेवतात, तीही फुकट. टेकडीवरचं देऊळ मात्र नवं आहे. मूळचं देऊळ लोक नदीपार गेल्यावर १८४८ साली कोणीतरी पेटवून दिलं आणि उरलेल्या भिंती वादळानं पाडल्या. आताचं २००२ साली, २७ जूनलाच, अर्पण झालं. आत मॉर्मनेतरांना प्रवेश नाही.

नदीकाठी स्मिथ कुटुंबाची थडगी आहेत. प्रेतांची विटंबना होईल या भीतीनं दफनाच्या दिवशी पेट्यांत वाळू भरून पुरली आणि दोघा भावांना दुसरीकडे लपवलं. ती जागा इतकी गुप्त राहिली की अवशेष १९२८ साली शोधून काढावे लागले. शेजारी जोसेफची बायको एमा. जोसेफनंतर मॉर्मनांना युटाला घेऊन गेलेल्या ब्रिगम यंगबरोबर ती गेलीच नाही. इतर बायकांची गोष्ट तिनं मरेपर्यंत नाकारली.

युटातही सुटका नव्हतीच. आणि तिथे हातही स्वच्छ राहिले नाहीत: १८५७ साली माउंटन मेडोज इथे मॉर्मन मिलिशियानं कॅलिफोर्नियाला निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. नॉवूच्या प्रदर्शनात मला याचा उल्लेख दिसला नाही. दुसऱ्या बाजूनं बहुपत्नीत्वाविरुद्ध केंद्र सरकारचे कायदे येत राहिले. १८८७च्या कायद्यानं चर्चची मालमत्ता जप्त केली आणि युटाच्या बायकांना १८७०पासून असलेला मताचा हक्कही काढून घेतला. बायकांना वाचवण्यासाठी म्हणे!

बहुपत्नीत्व धर्मस्वातंत्र्यात बसतं का, हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे आला तो १८७९च्या रेनॉल्ड्स खटल्यात. त्याचा निकाल मी घरी येऊन वाचला. सरन्यायाधीश वेट विचारतात, एखाद्या बाईला नवऱ्याच्या चितेवर जळणं धर्मकर्तव्य वाटलं तर सरकारनं अडवू नये का? मुद्दा कायद्यापुरता बिनतोड आहे. पण त्याच निकालात असंही आहे की मॉर्मन येईपर्यंत बहुपत्नीत्व जवळजवळ फक्त आशियाई आणि आफ्रिकी लोकांतच आढळे. गोऱ्या अमेरिकनांना परकं ठरवायला त्यांना आपल्या रांगेत आणून उभं केलं.

माझं माहेर पुण्याचं म्हटल्यावर कार्थेजच्या त्या आजींनी कौतुकानं विचारपूस केली. मी त्यांना ह्यू फिंडलेबद्दल सांगितलं. हा मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईला आला, तिथल्या पाद्र्यांचा विरोध ओढवून पुण्याला गेला, आणि पुण्याच्या लष्करी अधिकाऱ्यांनीही त्याला कॅम्पात थारा दिला नाही. तरी त्यानं पुण्यात छोटीशी शाखा काढलीच. आजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पर्समधून वही काढून नाव लिहून घेतलं.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं १९६७ साली विचारलं होतं, राष्ट्राध्यक्षपदासाठी मॉर्मन उमेदवाराला मत द्याल का? १७ टक्के नाही म्हणाले. २०१२ साली मॉर्मन असलेले मिट रॉम्नी उभे असताना नाही म्हणणारे १८ टक्के होते.

जायचं असेल तर उन्हाळ्यात जा. तुरुंग आणि जुनी घरं बघायला पैसे पडत नाहीत. येताना क्विन्सीला थांबा. आणि एक्स्पोझिटरबद्दल विचाराच. विचारलं तर टाळत नाहीत, फक्त आपणहून सांगत नाहीत.